भिंतीचे बत्तीस फोटो

"मग ठेवू की विकू, मास्तर?"

नाझरे मास्तरांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि टरफल माझ्यापुढच्या सुपात भिरकावलं.

शैलेंद्रचा हा पाचवा दिवस. पाचही दिवस तेच दळण.

तासगावात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवून मास्तर आता मळ्यातल्या दोन खोल्यांत राहतात. आम्ही दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. मी फार पुढे गेलो नाही. शैलेंद्र गेला. जिल्ह्यात त्याचं नाव आहे, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

घोडं अडलं होतं ते असं. त्याची जुनी लेन्स पन्नास मिलिमीटरची. ती जवळ-लांब होत नाही. जवळचं हवं तर आपणच पुढे जायचं. गेल्या महिन्यात त्याने झूम घेतली. तिचं कडं फिरवलं की उभ्या जागी सगळं मिळतं. मग आता पन्नासचीचं काय करायचं? ती बघायला संध्याकाळी साताऱ्याहून गिऱ्हाईक येणार होतं.

एवढंच असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण या घोळापायी त्याने तीन आठवडे एकही काम घेतलं नव्हतं. ऐन लग्नसराईत दोन लग्नं परत पाठवली. का, तर कुठली लेन्स न्यायची ते ठरेना! त्याला धरून गदागदा हलवावं असं मला वाटत होतं.

"लोक म्हणतात, पन्नासची ठेव," शैलेंद्र म्हणाला. "पाय हलतात, माणूस शिकतो."

"मग ठेव," मास्तर म्हणाले.

"पण झूममध्ये पन्नास येतंच की."

"मग विक."

"विकल्यावर पस्तावलो तर?"

मास्तरांनी डोळे मिटले...

"मास्तर?"

"ऐकतोय बाबा. कान मिटता येत नाहीत."

दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. शैलेंद्रने पिशवीतून जाडजूड लिफाफा काढला.

"मी नुसता बोलत नाही. पुरावा आणलाय."

त्याने बाजेवर फोटो मांडायला सुरुवात केली. मांडतच राहिला. बाज भरली तेव्हा मी मोजले. बत्तीस. सगळ्यांत एकच विटांची भिंत, त्याच्या घरामागची.

"हे काय?"

"भिंत."

"ते दिसतंय मला."

"टेस्ट आहे, मास्तर. सोळा पन्नासचीने काढलेत, सोळा झूमने. विटांच्या रेघांवरून कळतं कुठली लेन्स कडेला कमी पडते ते."

इतका वेळ सोसत होते, पण आता मास्तर तडकले.

"चाळीस वर्षं दुकान उघडलं मी. एक भिंत आली नाही रे फोटो काढून घ्यायला!"

मला हसू आवरेना. शैलेंद्रला राग आला. रागातच त्याने खिशातलं भिंग काढून मास्तरांच्या हातात कोंबलं.

"चेष्टा मागनं करा. आधी हे दोन बघा. गुरुवारी सकाळी काढलेत, एका जागेवरनं, एकाच उजेडात. डावी कड बघा फक्त. पन्नासचीत कापडाचे धागे जरा पुसट झालेत. झूममध्ये बघा, एकेक धागा मोजून घ्या!"

मास्तरांनी भिंग लावलं. एका फोटोवर, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर...

"कापड कसलं हे?"

"ते होय? आई भिंतीपाशी पापड्या वाळत घालत होती. तिला म्हटलं, बाजूला हो. झाली, पण हात राहिला कडेला. बरंच झालं. विटांपेक्षा धाग्यांवर जास्त कळतं."

"मनगटाला बांधलंय."

"हो."

"का?"



"असेल काहीतरी..."

"पिवळं काय लागलंय?"

"हळद... असावी."

"बोटं सुजलीत तिची."

शैलेंद्रने भिंग परत घेतलं आणि वाकून बघितलं. या आठवड्यात त्याने ती कड शंभरदा तरी तपासली असेल. आता मात्र तो बराच वेळ वर बघेना. मघापासूनचा माझा वैताग कुठे गेला कळलं नाही. मला त्याची कीव आली.

"भाजलंय," तो म्हणाला. "पापड्यांचं आधण सांडलं असणार."

त्याने भिंग बाजेवर ठेवलं.

"आठवडा होत आला, मास्तर. रोज तिच्या हातचं जेवतोय. ती काही बोलली नाही... आणि मला दिसलंच नाही."

मास्तरांनी तीस फोटो गोळा केले आणि लिफाफ्यात सारले. राहिलेले दोन एकाशेजारी एक लावले आणि त्याच्यापुढे सरकवले.

"दोन्ही लेन्सना दिसलंय."