बांधलेले हात

एकदा एका तरुण प्रशिक्षकाला आपल्या कार्यशाळेचा मोठा अभिमान वाटू लागला. अभिमान वाटावा असंच त्याचं काम होतं, हे मी आधीच कबूल करतो. निरंजन त्याचं नाव. जुन्या हस्तलिखितांचा संगणकावर संग्रह कसा करावा, हे तो गावोगावच्या ग्रंथालयांना शिकवीत असे. पानाचा फोटो काढायचा, संगणकाने अक्षरं वाचायची, त्याच्या चुका माणसाने दुरुस्त करायच्या आणि ते पान नोंदीसह संग्रहात चढवायचं, एवढीच ती विद्या.

एका ग्रंथालयात त्याने तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. तिथल्या ग्रंथपाल कमलिनीबाई निवृत्तीला आलेल्या. त्यांच्या कपाटात दोनशे पोथ्या होत्या आणि पोथ्यांना कसर लागली होती. पान उलटलं की बोटाला भुगा लागे. तीन दिवसांत चाळीस पानं चढली, टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रं वाटली गेली, सगळ्यांचा मिळून एक फोटोही झाला.

दोन महिन्यांनी निरंजन आपल्या गुरुजींना भेटायला गेला. गुरुजींनी सारं आयुष्य पोथ्यांच्या अभ्यासात घालवलेलं. कार्यशाळेचं वर्णन ऐकून त्यांनी विचारलं, "आता किती पानं झाली रे?"

निरंजनने संग्रह उघडून पाहिला. चाळीसच.

त्याने तिथल्या तिथे कमलिनीबाईंना फोन लावला. त्या ओशाळून म्हणाल्या, "सर, तुम्ही होतात तेव्हा सगळं कळत होतं हो. आता एकटी बसले की काही बिघडेल म्हणून हातच लावत नाही. तुम्ही याल तेव्हाच करू. पण जरा लवकर या, वरच्या फळीवरची एक पोथी गेलीच बघा."

फोन ठेवून निरंजन चिडला. "गुरुजी, या लोकांना शिकायचंच नाही! तीन दिवस घसा फोडला मी."

"फोडला असशील. पुन्हा घे कार्यशाळा. या वेळी मीही येतो."

ठरल्या दिवशी गुरुजी मागच्या बाकावर जाऊन बसले. पहिल्याच पानाला कमलिनीबाईंची गाडी अडली. फोटोत वरची ओळ अर्धी कापली गेली होती. "अहो, सोपं आहे," म्हणत निरंजनने त्यांच्या हातातला माउस घेतला. टक, टक, टक, पान तयार! बाई "वा!" म्हणाल्या. शेजारचे गृहस्थ अडले, तिथेही तेच झालं.

तेव्हा गुरुजी उठले. टेबलावर पोथी बांधायचा तांबडा रुमाल पडला होता. तो घेऊन त्यांनी, एक अक्षर न बोलता, निरंजनची दोन्ही मनगटं बांधली आणि वर घट्ट गाठ मारली. वर्गात खसखस पिकली. निरंजन लाजेने लाल झाला.

"गुरुजी, हे काय भलतंच?"

"चालू दे तुझं," म्हणून ते जागेवर जाऊन बसले.

कमलिनीबाई पुन्हा अडल्या. निरंजनचे बांधलेले हात आपोआप पुढे झाले आणि थबकले. "ते डावीकडचं... म्हणजे वरचं... अहो, ते नाही का..." रोज शंभरदा केलेली गोष्ट त्याला सांगताच येईना! ती फक्त बोटांना ठाऊक होती. मग तो सावकाश एकेक शब्द शोधून सांगू लागला. मध्येच बाईंनी भलतं बटण दाबलं आणि पान नाहीसं झालं.

"अगं बाई, गेलं वाटतं माझ्या हातून!"

"जाईल कुठे? पोथी समोर आहे तुमच्या. पुन्हा फोटो काढा."

त्या एका पानाला पाऊण तास लागला. पण ते संग्रहात दिसलं, तेव्हा बाई खुर्चीतून उठल्याच. "आलं! मी चढवलं!" त्यांचे डोळे भरून आले.

सायंकाळी गुरुजींनी गाठ सोडली. मनगटं चोळत निरंजन म्हणाला, "आज सहाच पानं झाली. मागे पहिल्या दिवशी पंधरा झाली होती."

"ती पंधरा तुझी होती, बाळा," गुरुजी म्हणाले. "कुणी अडलं की तुला दया येते. दया खरी आहे, पण घायकुतीची आहे. समोरच्याचं अडणं तुला बघवत नाही, म्हणून तू ते त्याच्या हातातून काढून घेतोस, आणि त्याबरोबर त्याचं शिकणंही घेऊन जातोस. शिवाय खरं सांगू? आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे मनातून आवडतं आपल्याला. मलाही आवडायचं. त्यापायी माझे तीन शिष्य अर्धवट राहिले, त्याची खंत अजून जात नाही. त्या पोथ्यांपाशी रोज बाई असणार आहेत. तू चार दिवसांचा पाहुणा."

पुढचे दोन दिवस निरंजनने हात पाठीमागे धरून शिकवलं.

चार महिन्यांनी तो गुरुजींकडे बसला असताना कमलिनीबाईंचा फोन आला. त्या बराच वेळ उत्साहाने बोलत होत्या. तीनशे पानं झाली होती. एक पान चुकून दुसऱ्याच पोथीत नोंदलं गेलं होतं, तेही त्यांनीच हुडकून जागेवर नेलं होतं.

फोन ठेवल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय रे, काय अडलंय त्यांचं?"

निरंजन क्षणभर हिरमुसला, मग त्याला हसू आलं. "काहीच नाही, गुरुजी. माझ्याकडे त्यांचं काही काम नव्हतं."

"वा," गुरुजी म्हणाले, "म्हणजे आज झाली तुझी कार्यशाळा पूर्ण."