ओंजळीतली नोंद

संगणक पेटीएवढे असायचे, त्या काळची गोष्ट. एका दवाखान्याच्या संगणकात तिघं राहायची. नोंदबाई बाळांच्या लशींच्या नोंदी सांभाळायची, तबकडीकाका त्या सावकाश कोरून ठेवायचे आणि दोघांच्या मध्ये धावायची झटपटी. काकांचा हात मोकळा होईतो नोंदी तिच्या ओंजळीत असायच्या.

नोंदबाईचा जीव भारी घाबरा. दर वेळी विचारायची, "ठेवलीस ना गं?"

"ठेवली हो बाई! किती काळजी कराल!" झटपटी हसायची. ओंजळीत घेतली की तिच्या लेखी ठेवलीच.

एका दुपारी सावनी नावाच्या बाळाला लस टोचली. "ठेवली!" झटपटी म्हणाली आणि तेवढ्यात वीज गेली. काकांनी कोरलेलं टिकलं, पण तिची ओंजळ जागीच रिकामी झाली.

वीज आली तेव्हा दुसऱ्या सिस्टर कामावर आल्या होत्या. त्यांनी संगणकाला सावनीचं नाव विचारलं. नोंदबाईने काकांकडे पाहिलं, काकांनी नकारार्थी मान हलवली. पडद्यावर उमटलं, 'लस बाकी'. सिस्टरने सुई भरली.

"अहो, आत्ताच टोचलंय की!" सावनीची आई ओरडली. "हा बघा मांडीवर कापूस!"

सुई थांबली. झटपटी रडकुंडीला आली. "मी खोटं नव्हते बोलले, बाई."

"नाही गं. मीच विचारायला चुकले," नोंदबाई म्हणाली. "आता विचारीन, काकांनी कोरली का?"

पुढचं बाळ आलं. नोंदबाईने विचारलं.

"थांबा, बाई. अजून माझ्याच हातात आहे."

कितीतरी दिवसांनी नोंदबाईचा जीव थाऱ्यावर आला. ती थांबली.