कमान कुणाची?

एका डोंगराळ मुलखात सटवाजी नावाचा पाथरवट राहत असे. त्याच्या हातची घडाई अशी, की दोन दगडांच्या सांध्यात गवताची काडी शिरत नसे.

त्या मुलखातून एक नदी वाहत होती. खोल, अरुंद आणि भारी संतापी. दर पावसाळ्यात ती एखाद्या माणसाचा बळी घ्यायचीच. राजाने ठरवलं, हिच्यावर दगडी पूल बांधायचा. एकच कमान, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत. लोक हसले. म्हणाले, "दगड कधी हवेत उभे राहतात का?"

राजाच्या कामांना माणसं पुरवायचा तो दौलतराव मुकादम. तोच त्याचा धंदा. खजिन्यातून मजुरीचे पैसे उचलायचे, गावोगावचे कारागीर गोळा करायचे आणि पैसे त्यांना वाटायचे. स्वतः त्याने कधी छिन्नी हातात धरली नव्हती. जीभ मात्र खडीसाखरेची. सटवाजीच्या ओसरीवर बसून तो म्हणाला, "सटवाजी, असं काम जन्मात एकदाच येतं. तुझी माणसं घेऊन ये. महिन्याच्या महिन्याला रोख मोजीन."

सटवाजीने भावकीतली, शेजारपाजारची माणसं गोळा केली. ती मुकादमाला ओळखत नव्हती. ती आली सटवाजीच्या शब्दावर.

पहिल्या महिन्याची मजुरी मिळाली. त्यानंतर मिळाली ती नुसती आश्वासनं. मुकादम म्हणे, "खजिन्यातून पैसेच सुटत नाहीत, मी कुठून देऊ? आणि काम अर्ध्यात सोडलंत, तर मागचंही बुडालं म्हणून समजा." मग सटवाजी राजाच्या कारभाऱ्याकडे गेला. कारभाऱ्याने मान वर केली नाही. म्हणाला, "पैसे मुकादमाला केव्हाच पोचले. तू त्याचा माणूस. आमचा तुझ्याशी संबंध नाही." सटवाजी पुन्हा मुकादमाकडे गेला, तर मुकादमाने पुन्हा कारभाऱ्याकडे बोट दाखवलं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्याची गत झाली.

इकडे नदीकाठी पाथरवटांनी ठोकलेल्या पालांमधल्या चुली एकेक करून थंड पडू लागल्या. सटवाजीच्या बायकोने, सगुणाने, हातातले चांदीचे गोट विकून सगळ्यांसाठी ज्वारी आणली. तीही संपत आली तेव्हा ती म्हणाली, "धनी, आता इकायला माझ्यापाशी काय बी उरलं न्हाई." सटवाजीला ते फार लागलं. काम पुरं झालं की मुकादम दुसऱ्या मुलखात निघून जाणार, हे त्याला दिसत होतं. मग मजुरी कुणाच्या दारात मागायची? आणि आपल्या शब्दावर आलेल्या माणसांना तोंड कसं दाखवायचं?

कमानीच्या माथ्यावरचे शेवटचे दगड तेवढे बसायचे राहिले होते. त्याचा चुलतभाऊ भिवा त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माथ्यावर चुन्याच्या जागी चिखल भरू. खालचा आधार काढला की समदं नदीत! मुकादमाचं नाक कापलं जाईल."

खरं सांगायचं तर सटवाजीच्याही मनात हे एकदा येऊन गेलं होतं. पण तो म्हणाला, "भिवा, या पुलावरनं मुकादम एकटाच जाणार हाय का? उद्या एखादी माहेरवाशीण जाईल, कडेवर लेकरू घिऊन. तिनं आपलं काय बुडवलंय? मजुरी मी मागणार. चारचौघांत मागणार. पर मागताना माझ्या दगडाला कुणी नावं ठेवता कामा नये."

आणि उपाशी पोटी त्या माणसांनी शेवटचे दगड पहिल्या दगडांइतकेच चोख बसवले.

आता त्या मुलखातल्या पाथरवटांची एक जुनी रीत होती. कमान बांधताना तिच्याखाली लाकडांचा आधार देतात, आणि काम पुरं झालं की तो पाडतात. पाडण्याआधी राजा विचारी, "कमान कुणाची?" ज्याची असेल त्याने "माझी" म्हणायचं आणि तिच्याखाली जाऊन उभं राहायचं. कमान टिकली तर सोन्याचं कडं त्याचं. पडली, तर तोही तिच्याबरोबर गेला.

मुकादम कधी पाथरवटांच्या पंगतीला बसला नव्हता. त्याला रीत ठाऊक होती ती अर्धीच, सोन्याच्या कड्याची.

उन्हाळ्याचे दिवस होते. पाणी ओसरून कमानीखालचा खडक उघडा पडला होता. दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हता. राजाने विचारलं, "कमान कुणाची?"

सटवाजीने पाऊल उचललं. राजाला उत्तर द्यायचं आणि तिथेच, सगळ्यांदेखत, मजुरी मागायची असं त्याने ठरवलं होतं. पण मुकादमाने उचलली जीभ लावली टाळ्याला. नवं पागोटं सावरत तो पुढे धावला. "माझी, महाराज! माझीच!"

"शाबास! मग उतरा खाली," राजा म्हणाला.

"खाली? कुठे, महाराज?"

"कमानीखाली. आधार पाडायचा आहे."

मुकादमाने वर पाहिलं. डोक्यावर डोंगराएवढे दगड. मग त्याने पाथरवटांकडे पाहिलं. ज्याच्या तोंडाकडे बघावं, त्याची मजुरी त्याच्याकडे थकलेली. तो मागे सरला. "नको, महाराज! मी नाही जायचा! या लोकांची मजुरी राहिली आहे. उपाशी माणसांनी आत काय भरलं असेल, देवाला ठाऊक!"

इतके दिवस सटवाजीला कुणाच्या गळी उतरवता आलं नव्हतं, ते मुकादमाने आपल्याच तोंडाने सांगून टाकलं. कारभारी जमिनीकडे बघू लागला.

तेवढ्यात सटवाजी म्हणाला, "महाराज, कमान माझी." आणि तो खडक उतरू लागला.

"अरे, थांब!" राजा म्हणाला. "तुला मजुरी मिळालेली नाही. मग जीव कशाला धोक्यात घालतोस?"

"मजुरी मुकादमाकडं थकलीय, महाराज. दगडाकडं न्हाई."

तो कमानीखाली जाऊन उभा राहिला. मागोमाग सगुणा उतरली. मग भिवा. मग एकेक करून सगळे पाथरवट, त्यांच्या बायका, म्हातारी माणसं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

घाव पडले. लाकडं कडाडून बाजूला कोसळली. चुन्याची धूळ उडाली आणि कमानीतून एक खोल हुंकार उमटला. दगड दगडावर बसला. धूळ निवळली तेव्हा कमान उभी होती, आणि तिच्याखालून पलीकडचं आभाळ दिसत होतं. कुणी टाळी वाजवली नाही. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. सटवाजीने वर पाहिलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं आपल्या हातून झालं, हे त्याचं त्यालाच खरं वाटेना.

राजा जोडे काढून खाली उतरला. सोन्याचं कडं त्याने पुढे केलं. सटवाजीने ते घेतलं नाही. "कडं मागनं, महाराज. आधी माझ्या माणसांची मजुरी."

राजाची मान खाली गेली. "पूल मी बांधला असं मला वाटत होतं," तो म्हणाला. "तो तर तुमच्या उधारीवर उभा आहे. मजुरी चुकती होईपर्यंत या पुलावर माझा पाय पडणार नाही." वाडा पलीकडच्या तीरावर, तरी राजा पाथरवटांच्या पालांशेजारी तंबू ठोकून राहिला. कारभाऱ्याची चौकशी लागली. मुकादमाची हवेली विकली गेली, बैल विकले गेले. सटवाजीच्या डोळ्यांदेखत एकेका पाथरवटाच्या ओंजळीत त्याची मजुरी पडली आणि सगुणाचे विकलेले गोट परत आणले गेले.

सगळ्यांत शेवटी सटवाजीने आपली मजुरी घेतली. मग त्या मुलखाचा राजा पुलाच्या तोंडाशी उभा राहून त्याला म्हणाला, "आता जाऊ का?"

सटवाजी म्हणाला, "जावा, महाराज. आता पूल तुमचा झाला."

तात्पर्य: काम चोख करावं आणि त्याची मजुरी ताठ मानेने मागावी, घामाचं मोल चुकतं केल्यावाचून कुठलंही काम दुसऱ्याच्या मालकीचं होत नाही.