उसन्या पाळण्याची कहाणी

ऐक गं सटवाई, तुझी कहाणी. आटपाट पेठ होती. पेठेला वेस होती, वेशीबाहेर गुराख्याचं घर होतं. त्याच्या बायकोचं नाव मथू. मथूला तीन लेकरं झाली, तिन्ही गेली. मग चौथं झालं, ते राहिलं. बाळ नुसतं शिंकलं तरी ती उठून बसे.

बारसं आलं. घरात पाळणा नाही. पेठेत पाटलीण होती अंबू, मथूची माहेरची मैत्रीण. मथू तिच्याकडं गेली, म्हणाली, "अंबू, बारशापुरता तुझा पाळणा दे." अंबू म्हणाली, "ने की. माझी सगळी लेकरं त्यातच वाढली." पाळणा हळद-तेल लावून चकचकीत केलेला. मैत्रिणीची वस्तू, ती काय ठोकून बघायची? मथूनं तसाच डोक्यावर घेतला.

मग बायका जमल्या. रीत अशी, की पाळण्यात आधी बाळ घालायचं नाही, वरवंटा घालायचा. मथूनं वरवंट्याला कुंची घातली, काजळ लावलं, पाळण्यात निजवला. पहिला झोका दिला, बरा गेला. दुसरा दिला, बरा गेला. तिसऱ्याला तळाची फळी मोडली. वरवंटा धाडकन खाली आला, भुईला खळगा पडला. बाळ मथूच्या मांडीवर होतं.

बायकांतून अंबू पुढं आली. बाळाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझा पाळणा मोडलास. दगड घालून कुणी एवढे झोके देतं? आता भरून दे." बायका म्हणाल्या, "खरंच आहे बाई. मोडेल त्यानं भरावं." मथू ओशाळली, हो म्हणाली.

मग अंबूनं तांब्याची घागर मागितली. मथूनं दिली. मग शेळी मागितली. तीही दिली. मग म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय? माझं दळण दळ." मथू बाळाला टाकून दळायला जाऊ लागली. इकडं बाळ रडे, तिकडं तिचा पदर दुधानं भिजे. जातं फिरे, तसा पोटात राग फिरे. पण मैत्रिणीच्या भिडेनं ती दळतच राही.

एके दिवशी दारात म्हातारी आली. "बाई, बोटभर तेल दे, काजळ धरायचंय." मथू खेकसली, "तेल नाही, शेळी नाही, घागर नाही. सगळं मैत्रिणीनं नेलं. पुढचं घर बघा." म्हातारी उंबऱ्यावर बसलीच. "कुणावर रागावलीस?" "माझ्या नशिबावर." "नशिबानं काय केलंय तुझं? ती मोडकी फळी आण."

मथूनं आणली. म्हातारीनं नखानं टोकरली. आतून पीठ गळलं. फळी भुंग्यानं पोखरलेली, वरून हळद-तेलानं लिंपलेली. "वरवंट्यानं मोडली का गं ही? तो आधी पडला, म्हणून तुझं लेकरू आहे."

मथूनं भुईचा खळगा बघितला, मग बाळ बघितलं. तिचं अंग रागानं पेटलं.

ती म्हातारी नव्हती, सटवाई होती. म्हणाली, "माझा वसा घे. षष्ठीला वरवंटा धुवावा, काजळ-कुंकू लावावं. उसनं देणारीनं वस्तूचं उणं सांगून द्यावं. लपवलं नि मोडलं, तर तिनंच सोसावं. घेणारीनं हयगय केली, तर तिनं भरावं. कुणाचंच चुकलं नाही, तर दोघींनी बसून सांधावं. आणि लेकराच्या जिवाशी आलं, तिथं भिडेनं गप्प बसू नये. उतू नकोस, मातू नकोस."

मथूनं वसा घेतला. फळी पाळण्यात परत बसवली, पाळणा उचलला, तडक पाटलिणीच्या ओसरीवर गेली. तिथं बायका वाती वळत होत्या. अंबूच्या कडेवर तिची धाकटी होती. मथूनं पाळणा ओसरीला टांगला. म्हणाली, "अंबू, हा घे, सांधून आणलाय. निजव धाकटीला."

अंबू हलली नाही.

"निजव की. तुझी सगळी लेकरं ह्यातच वाढली ना?"

अंबूनं पोर छातीशी घट्ट धरली.

"का गं? माझं चालत होतं, तुझं चालत नाही?"

बायकांच्या वाती हातातच राहिल्या. अंबू खाली बघून म्हणाली, "मला ठाऊक होतं. पाटलाच्या घरी किडका पाळणा, हे कोणत्या तोंडानं सांगू? वाटलं, बारशाचा एक दिवस निभावून जाईल."

मथू म्हणाली, "तुझी अब्रू झाकायला माझं चौथंही पुरलं असतं मी. शेळी सोड. घागर काढ. नि तुझं दळण तू दळ."

अंबूनं शेळी सोडली, घागर दिली, पाया पडायला वाकली. मथूनं पाय मागं घेतले. "आज नाही," म्हणाली, आणि निघून गेली.

मग अंबूनंही वसा घेतला. सुताराकडून सागवानी पाळणा करवला, गड्याच्या नाही, स्वतःच्या डोक्यावर घेऊन मथूच्या दारी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "लाकूड नवं आहे. कड्या जुन्याच आहेत, डावी झिजलीय. ती बदलून घे." मथूनं कडी चाचपून बघितली. खरंच झिजली होती. मग म्हणाली, "आत ये."

सटवाईनं जसं मथूचं लेकरू राखलं, तशी तुमची-आमची लेकरं राखो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सांगितली, फळाला आली, पुरी झाली.