हलेल त्याचाच चित्रपट

एका डोंगराच्या मागच्या अंगाला करवणी नावाचं जंगल होतं. तिथे झाडी दाट होती आणि राज्यकारभार विरळ. राजेसाहेब महाकेश अस्वल एका उंच वारुळावर बसून राज्य करत. म्हणजे बसत. राज्य आपलं आपण होत असे.

या जंगलात भाल्या नावाचं एक साळिंदर राहत होतं आणि त्याला चित्रपट काढायचा होता. कंदमुळं खणायची सोडून हे खूळ त्याच्या डोक्यात कसं शिरलं, ते त्याच्या आईलाही कळलं नव्हतं. त्याचा जोडीदार हुप्या वानर. वाघ मोजायला आलेल्या माणसांनी झाडाला बांधलेला कॅमेरा त्यानेच सोडून आणला होता. कॅमेरा झाडाच्या सालीच्या रंगाचा होता आणि मुळीच आवाज करत नसे.

"समोर काही हललं की हा डोळा उघडतो," हुप्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "नाही तर झोपून राहतो. आपल्या सरकारी कचेरीसारखाच आहे."

त्यांचा पहिला चित्रपट भाल्याच्या आईवर होता. ती कंद कसे शोधते, एवढंच त्यात होतं. तो पाहायला तीन प्रेक्षक आले. एक झोपला, एक चुकून आला होता आणि तिसरी आई होती. भाल्या चार दिवस बिळाबाहेर पडला नाही. त्याला फार लागलं होतं. आपलं नाव व्हावं, आपण चाललो की चार जणांनी माना वळवाव्यात, यापलीकडे त्या बिचाऱ्याचं काही मागणं नव्हतं.

हुप्या म्हणाला, "विषय चुकला, भाल्या. आई सगळ्यांनाच असते. राजा एकच असतो. राजावर काढ."

राजावर चित्रपट काढण्याची परवानगी टिटवीबाईंकडून घ्यावी लागे. त्या दरबाराच्या प्रसिद्धीप्रमुख होत्या आणि साधं बोलायचं तरी ओरडूनच बोलत. भाल्याने अर्ज देताच त्या ओरडल्या, "मंजूर! नाव ठेवायचं 'अखंड जागा राजा'. पौर्णिमेच्या संध्याकाळी साऱ्या जंगलाला दाखवायचा!"

"आधी तपासणी नको का, बाई?" भाल्याने भीतभीत विचारलं.

"राजेसाहेबांवरचा चित्रपट तपासायचा? म्हणजे राजेसाहेबांवर संशय घ्यायचा? कोण शिकवतं रे तुम्हाला असलं?"

भाल्याने माफी मागितली आणि कॅमेरा वारुळासमोरच्या ऐनाच्या झाडाला बांधून टाकला.

आता करवणीच्या दरबाराचा रिवाज सांगायला हवा. राजेसाहेब आसनावर आले की सगळ्यांनी डोळे मिटून, जागचं न हलता उभं राहायचं. याला राजनिष्ठा म्हणत. जो हलेल त्याचं नाव लिहून घेतलं जाई. वारुळाच्या मागे सार्वजनिक कोठाराची गुहा होती. प्रत्येकाने पावसाळ्यानंतर आपल्या कमाईचा अर्धा वाटा तिथे ठेवायचा आणि उन्हाळ्यात गरजेपुरता परत न्यायचा, असा कायदा होता. भाल्याच्या आईने त्या वर्षी मोहाच्या वाळवलेल्या फुलांच्या सात टोपल्या दिल्या होत्या. सात टोपल्या पाठीवर वाहून तिचे काटे झिजले होते.

आठ दिवस दरबार भरला. आठ दिवस भाल्या पहिल्या रांगेत डोळे मिटून उभा राहिला आणि मनातल्या मनात हारतुरे घेत राहिला.

पौर्णिमेच्या सकाळी दोघांनी कॅमेऱ्यात काय आलं ते पाहिलं, आणि भाल्याचे सगळे काटे उभे राहिले. राजेसाहेब जागचे हलले नव्हते. प्रजा हलली नव्हती. भर दरबारात हलणारा प्राणी एकच होता, तो म्हणजे कोठारप्रमुख दंताजी रानडुक्कर. सगळ्यांचे डोळे मिटले की तो गुहेत शिरत होता आणि पोतं पाठीवर टाकून झुडपाआड जात होता. आठ दिवसांत एकशे बारा वेळा. आसनावर राजेसाहेब घोरत होते.

"बुडालो," हुप्या म्हणाला. "हे दाखवायचं नाही. यंत्र बिघडलं म्हणून सांगू."

"त्यात माझ्या आईची फुलं आहेत, हुप्या!"

"आणि दाखवलंस तर त्यात तुझी कातडी असेल."

भाल्या दुपारपर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. त्याला भीती वाटत होती आणि संताप त्याहून जास्त येत होता. शेवटी तो म्हणाला, "दाखवायचा." ही हिंमत होती हे खरं. पण सगळं जंगल निमंत्रित होतं आणि त्याच्याजवळ दुसरा चित्रपट नव्हता, हेही खरं.

संध्याकाळी दोन सागांच्या मध्ये पांढरी चादर ताणली. कॅमेऱ्यातलं चित्र चादरीवर कसं उमटलं असं ज्यांना विचारायचं असेल, त्यांनी निवडणुकीतली आश्वासनं कशी पूर्ण होतात तेही विचारावं. राजेसाहेब मधोमध बसले. त्यांच्या उजव्या हाताला दंताजी.

चादरीवर दंताजी आला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पोतं उचललं. दंताजीच्या सुळ्यांवरून घाम निथळू लागला.

पुढच्या दृश्यात त्याने दोन पोती घेतली. त्याच्या पुढच्यात तो पाय घसरून गडगडला. मोहाची फुलं चहूकडे सांडली, आणि ती नाकाने गोळा करताना एक फूल नाकपुडीत अडकून त्याला सटासट शिंका आल्या. राजेसाहेबांनी एक डोळा उघडला. दंताजी एक पाय हवेत धरून दगड झाला. राजेसाहेबांनी डोळा मिटला.

मागून एक ससा फिस्सकन हसला. मग भेकरं हसली, मग माकडं, आणि बघता बघता सारं जंगल गडबडा लोळू लागलं. राजेसाहेबही पोट धरून हसले. "कोण हा नट?" त्यांनी विचारलं. "झोपलेला मी आणि सावध हा! काय जोडी जमली आहे!"

टिटवीबाईंनी क्षणाचा उशीर केला नाही. "राजेसाहेबांच्या प्रेरणेने तयार झालेला जंगलातला पहिला विनोदी चित्रपट!"

भाल्या चादरीपुढे धावला आणि घसा फोडून ओरडला, "हा विनोद नाही! हे नाटक नाही! हा चोर आहे आणि ते तुमचं धान्य आहे!"

"वा! काय संवाद!" प्रेक्षक म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग त्याला हार घातला गेला. हार काट्यांत अडकला आणि काही केल्या निघेना. त्या क्षणी भाल्याला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. उद्या सगळ्यांना नीट समजावून सांगू, असं त्याने ठरवलं.

उद्या उजाडला तेव्हा मात्र दंताजीच्या दारात सह्या घेणाऱ्यांची रांग लागली होती. महिन्याभरात निवडणूक जाहीर झाली आणि दंताजी उभा राहिला. "पडला तरी आपला!" अशी घोषणा झाडाझाडावर झळकली. सभेत तो म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, माझ्या पाठीवरचं पोतं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. जनतेचं ओझं कोण वाहतो, हे मी वेगळं सांगायला हवं का?" आणि लोकाग्रहास्तव तो स्टेजवर एकदा गडगडला.

भाल्या घरोघर फिरला. "अहो, ते खरं होतं!" तो सांगायचा.

"हो ना! अगदी खरं वाटत होतं हो," लोक म्हणायचे. "म्हणून तर त्यालाच मत."

दंताजी प्रचंड मतांनी निवडून आला आणि कोठारमंत्री झाला. समोरचा उमेदवार कासव होता, फार प्रामाणिक. पण त्याला कोणी कशात पाहिलेलंच नव्हतं.

उन्हाळा आला. आई टोपली घेऊन कोठारावर गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली. "तुझा सिनेमा छान होता रे," ती म्हणाली. "मी दोनदा हसले. पण आपल्या फुलांचं काय झालं, भाल्या?"

भाल्याने कॅमेरा उचलला आणि कोठाराच्या दारासमोर बांधला. आता कोणाला हसू यायचं नाही, असं त्याला वाटलं. दारात मोठी रांग होती. हरणं, ससे, भेकरं, आई. पण पोटात काही नसलेली जनावरं उन्हात जिथल्या तिथे बसून होती. कान हलत नव्हता, शेपूट हलत नव्हतं. कॅमेऱ्याने डोळा उघडलाच नाही.

"आई," भाल्या कळवळून म्हणाला, "थोडंसं हल गं."

"अंगात त्राण नाही रे," आई म्हणाली. "तुझं काम झालं की सांग."

पुढच्या अधिवेशनात कासवाने उपासमारीचा प्रश्न विचारला. सरकारने भाल्याचा कॅमेरा मागवून घेतला, तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि सभागृहात राजेसाहेबांच्या आसनासमोर ठेवला. कोठारमंत्री दंताजी निवेदन करायला उठले. "अध्यक्ष महाराज, संपूर्ण उन्हाळ्यात उपासमारीचं एकही दृश्य नोंदलं गेलेलं नाही."

सर्वपक्षीय सदस्यांनी शेपट्या आपटून निवेदनाचं स्वागत केलं. ते दृश्य कॅमेऱ्यात फार स्पष्ट आलं आहे.