वाटेवरचे घर

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आडून ऐकणाऱ्या थोरांनो, तुम्हीही ऐका. फार फार वर्षांपूर्वी पश्चिमेच्या समुद्रात एक हिरवे, सदा ओले बेट होते. तिथली घरे दगडाची, छपरे गवताची आणि चुलीत जळायची ती दलदलीतली वाळवलेली माती.

तिथे एक रीत होती. घर बांधण्याआधी चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून रात्र जाऊ द्यायची. सकाळी दगड जागच्या जागी असले, तर खुशाल बांधा. हलले असले, तर ती न दिसणाऱ्यांची वाट. तिथे बांधायचे नाही.

एका तरुणाने ठेवलेले दगड सकाळी बाजूला सरकलेले दिसले. त्याची गरोदर बायको म्हणाली, "अहो, ही कुणाची तरी वाट आहे. दुसरीकडे बांधू या."

"असा आडोसा दुसरीकडे कुठे मिळणार? शेळ्यांनी ढकलले असतील," म्हणत त्याने दगड पुन्हा जागेवर ठेवले. बिचाऱ्या शेळ्या, त्यांच्या नावावर काय काय खपते!

घर झाले. पुढे दार, मागे चुना फासलेली जाड, सलग भिंत. बायकोने माहेरचा निखारा आणून चूल पेटवली. काही दिवसांनी पाळणा हलला.

मग रोज तिन्हीसांजेला दार आपोआप उघडू लागले. गार झुळूक आत येई आणि मागच्या भिंतीशी अडे. चुन्यावर हातांचे ओले ठसे उमटत. मोठे, म्हाताऱ्यांचे, पोरांचेही. ज्वाळा खाली बसे. बाळ त्या भिंतीकडे बघून हसे आणि दिवसेंदिवस गार पडत जाई.

"भिंत फोडा हो, त्यांना जाऊ द्या," बायको विनवी.

"माझं घर, माझी भिंत," तो म्हणे. भीती त्यालाही वाटत होती, पण कबूल कोण करणार?

एका संध्याकाळी चूल विझली. भिंतीवर, आढ्याजवळ, एक इवलासा नवा ठसा होता. आईने बाळाचा हात उघडून पाहिला. तळवा चुन्याने पांढरा झाला होता.

तरुणाने पहार उचलली. भिंतीला भगदाड पडले, तशी झुळूक आत शिरून पलीकडे निघाली. कितीतरी वेळ पावले वाजत राहिली. शेवटचे पाऊल पाळण्यापाशी थांबले. आईने श्वास रोखला. मग तेही गेले, आणि राखेत निखारा लाल झाला.

तेव्हापासून त्या घराला समोरासमोर दोन दारे आहेत. बाळ वाचले, वाढले, त्याचे लग्नही झाले. पण त्याचा तो एक तळवा जन्मभर गारच राहिला. बाप तो हातात धरून चोळत बसे.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वाटेवर घातलेल्या भिंतीची झळ आपल्याच पाळण्याला लागते.