करपवलेली कढई

एकदा एका गुऱ्हाळावर एका वृद्ध गुळव्याने भर सकाळी, सर्वांच्या देखत, पाकाची एक लहान कढई मुद्दाम करपवली. उसाचा पाक आचेवरून कधी उतरवायचा हे ज्याच्या शब्दावर ठरते, तो गुळव्या. चाळीस वर्षांत या म्हाताऱ्याच्या, तात्यांच्या, हातून एकही काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, बिघडली नव्हती. त्यामुळे बघणाऱ्यांना वाटले, म्हातारचळ लागला.

खरे तर हे सारे चालले होते त्यांच्या शिष्यासाठी, केरबासाठी. केरबा तिशीचा, कामाला वाघ. पण त्या हंगामात पुरता खचलेला. हंगामाच्या आरंभी, गूळ अधिक कडक व्हावा, पंचक्रोशीत नाव व्हावे, या हौसेने तो 'आणखी जरा, आणखी जरा' करीत राहिला आणि एका शेतकऱ्याची अख्खी काहील जळून गेली. त्याचा त्याने असा धसका घेतला, की पुढच्या तीन काहिली वेळेआधीच उतरवल्या. गूळ काही केल्या बसेना, म्हणजे घट्ट होईना. ढेपेभोवतीचे फडके सोडले की ढेप पसरून जाई आणि केरबाला तोंड लपवायला जागा उरत नसे. अखेर मालकाने निक्षून सांगितले, आजची काहील बसली नाही तर उद्यापासून दुसरा गुळव्या येईल. तात्यांची नजर अधू झालेली, दुसरा शिष्य नाही. केरबा गेला की त्यांची विद्याही जाणार होती.

तात्यांनी केरबाला त्या लहान कढईशी बसवले. हातात पळी, पुढ्यात थंड पाण्याची परात. घडोघडी पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा, चिमटीत धरायचा आणि काय झाले ते सांगायचे. आधी थेंब बोटांना नुसता चिकटला. मग त्याची मऊ गोळी वळली. मग गोळी परातीच्या काठावर आपटताच टणकन वाजली. केरबाचा हात झटकन कढईच्या कडीकडे गेला. तात्यांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे. आता श्वास मोज."

केरबा मोजू लागला. पाचव्या श्वासाला पाकाचा रंग गडद झाला. नवव्याला गोळी दाताखाली कडकन तुटली. चौदाव्याला करपट वास आला, विसाव्याला काळा धूर. ज्या गोष्टीने त्याची झोप उडवली होती, ती त्याने आज पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून पाहिली.

तात्यांनी विचारले, गोळी वाजल्यापासून वास येईपर्यंत किती झाले? केरबा म्हणाला, चौदा. आणि तू उतरवतोस कधी? केरबाने मान खाली घातली. गोळी वळायच्याही आधी, असे त्याने कबूल केले.

"मोठ्या काहिलीत तर याहून जास्त सवड मिळती," तात्या म्हणाले. "भ्या वाईट न्हाई, केरबा. करपट वास आधी त्यालाच येतो. आशाबी वाईट न्हाई. तिच्याबिगर एवढ्या जाळाम्होरं कोण बसंल? पर आधी तू आशेचं ऐकून बसून ऱ्हायलास, आन् तवापासनं भ्याचं ऐकून उठतूयास. गोळी काय म्हणती, ते तू इचारलंच न्हाईस."

दुपारी मोठी काहील उकळीला आली.  उतरव, उतरव, असे केरबाचे मन ओरडत होते. त्याने थेंब पाण्यात सोडला. गोळी मऊ होती. तो थांबला. पुन्हा सोडला; अजून मऊच. गडी काहील उचलायचे दांडे घेऊन ताटकळले, मालक येरझारा घालू लागला. तिसऱ्या वेळी गोळी काठावर वाजली. आणखी जरा थांबावे, असा मोह क्षणभर झालाच, पण केरबा उठला आणि म्हणाला, "उतरवा."

दिवस कलता ढेपेचे फडके सोडले. ढेप जागची हलली नाही. मालकाने कडेचा खडा मोडून तोंडात टाकला, मान डोलावली आणि दुसऱ्या गुळव्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला. केरबा तिथेच चिपाडांवर बसला. त्याला रडू आले, आणि ते त्याने आवरलेही नाही. किती दिवसांचे ओझे उतरले होते.

मग राख घेऊन तो ती काळी कढई घासायला बसला. घासता घासता त्याने विचारले, "तात्या, आता हे भ्या जाईल न्हवं?"

"कशाला जाईल? बसू दे की शेजारी," तात्या म्हणाले. "तुला काय त्याची अडचण हाय?"

केरबा पुढे पुष्कळ वर्षे गुळव्या होता. दर काहिलीला तो भ्यायला, आणि दर वेळी गोळी वाजेपर्यंत थांबला.